‘बेअर’ या क्रियापदाचे अर्थ आणि त्याचे कुळ

इंग्रजी शिकू लागलेल्या मराठी विद्यार्थ्यास मोठ्या शब्दांची जेवढी भीती वाटते, तेवढी लहान शब्दांची वाटत नाही. वस्तुतः ती लहान शब्दांचीच वाटावयास हवी. मोठ्या शब्दाला बहुधा एकच अर्थ असतो; तो कोशात पाहिला आणि ध्यानात ठेवला, की काम भागते. लहान क्रियापदांचे तसे नाही. ‘गेट’, ‘टेक’, ‘सेट’, ‘बेअर’ ही क्रियापदे कोशात काढून पाहावीत, तो स्तंभामागून स्तंभ त्यांच्या अर्थांनी भरलेले आढळतात. मग विद्यार्थी त्यातील पहिला अर्थ उचलतो, तो प्रत्येक वाक्यात बसवू पाहतो, आणि तो बसला नाही म्हणजे इंग्रजी ही विलक्षण भाषा आहे, ती आपल्यासारख्यांसाठी नव्हे, असा निष्कर्ष काढून मोकळा होतो.

हा निष्कर्ष किती चुकीचा आहे हे दाखविण्यासाठी आम्ही या लेखात एकच क्रियापद घेतले आहे. ते म्हणजे ‘बेअर’. या क्रियापदाचे अर्थ अनेक असले तरी त्या सर्वांच्या मुळाशी एकच कल्पना आहे. आणि ती कल्पना ज्या धातूने व्यक्त होते तो धातू मराठी मुलाच्या घरात, त्याच्या रोजच्या बोलण्यात, आज हजारो वर्षे नांदत आला आहे, एवढे वाचकांच्या मनावर ठसले म्हणजे आमचा हेतू सफल झाला.

प्रथम अर्थ पाहू. ‘बेअर’चे मुख्य अर्थ येणेप्रमाणे सांगता येतील:

१. वाहून नेणे. हमाल ओझे ‘बेअर’ करतो. धनादेश जो कोणी घेऊन येईल त्याला पैसे द्यावेत, असा जो धनादेश असतो त्यास ‘बेअरर चेक’ म्हणतात. बेअरर म्हणजे घेऊन येणारा.

२. भार पेलणे. खांब छपराचे वजन ‘बेअर’ करतो. यंत्राच्या फिरत्या दांड्याचा भार जो भाग आपल्यावर घेतो त्याला ‘बेअरिंग’ हे नाव याच अर्थाने मिळाले आहे. सायकल दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या तोंडी हा शब्द नित्य असतो.

३. खर्च किंवा जबाबदारी सोसणे. समारंभाचा खर्च कोण ‘बेअर’ करणार, असे विचारतात. पूर्वी तिकीट न लावता पाठविलेल्या पत्राचा आकार ते घेणाऱ्यास भरावा लागे. अशा पत्रास टपालखात्यात ‘बेअरिंग’ म्हणत, आणि हिंदीत त्याचेच ‘बैरंग’ झाले.

४. दुःख सहन करणे. जे ‘बेअर’ करता येत नाही ते ‘अनबेअरेबल’, म्हणजे असह्य.

५. जन्म देणे. आई मुलास ‘बेअर’ करते. ‘बॉर्न’ म्हणजे जन्मलेला आणि ‘बर्थ’ म्हणजे जन्म.

६. फळ धरणे. काजूचे झाड फळ ‘बेअर’ करते.

७. अंगावर बाळगणे. दाखल्यावर मुख्याध्यापकांची सही असते, तेव्हा तो दाखला ती सही ‘बेअर’ करतो.

८. मनात ठेवणे. ‘बेअर इन माइंड’ म्हणजे ध्यानात ठेवणे. ‘बेअर ए ग्रज’ म्हणजे मनात अढी बाळगणे.

९. एखाद्या दिशेस वळणे. ‘बेअर लेफ्ट’ म्हणजे हळूहळू डावीकडे वळा. गलबताची दिशा सांगणारा ‘बेअरिंग’ हा शब्दही येथलाच.

या नऊ अर्थांना मराठीत एकच प्रतिशब्द शोधू गेल्यास तो सापडणार नाही. वाहणे, पेलणे, सोसणे, प्रसवणे, धरणे, असणे, बाळगणे, वळणे अशी निरनिराळी क्रियापदे त्या त्या ठिकाणी योजावी लागतील. परंतु थोडा विचार केला, तर या साऱ्यांतून एक धागा जातो असे दिसून येईल. काही तरी आपल्यावर घेणे आणि ते घेऊन असणे अथवा चालणे, हा तो धागा होय. हमालाने पाठीवर घेतले, खांबाने माथ्यावर घेतले, आईने उदरात घेतले, झाडाने फांदीवर घेतले, कागदाने पृष्ठावर घेतले, मनाने स्मरणात घेतले. दुःख हेही एक ओझेच. ते ज्याने अंगावर घेतले त्याने ते सोसले. नववा अर्थ तेवढा जरा दूरचा वाटतो. पण गलबत आपला भार ज्या बाजूस नेते ती त्याची दिशा, असे मानले म्हणजे तोही परका राहत नाही. नऊ अर्थ पाठ करण्यापेक्षा हे एक मूळ समजून घेणे सोपे आणि अधिक टिकाऊ आहे.

आता कोणी म्हणेल, एका क्रियापदाला इतके अर्थ असणे हा इंग्रजीचाच दोष नव्हे काय? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच भाषेत आहे. मराठी मुलगा सकाळी उठून म्हणतो, ‘घागर भरली’. थोड्या वेळाने म्हणतो, ‘शाळा भरली’. शाळेत गेल्यावर म्हणतो, ‘फी भरली’. पुढे बाजार भरतो, शिरगावला लईराईची जत्रा भरते, जखम भरते, अंगात थंडी भरते, सुवासिनीची ओटी भरतात आणि गरोदर स्त्रीचे दिवस भरतात. एखाद्या इंग्रज मुलास मराठी शिकावयाचे झाल्यास त्याने ‘भरणे’ या शब्दापुढे हात टेकले तर नवल नाही. मराठी मुलाने मात्र हे सर्व अर्थ कोश न उघडता आत्मसात केलेले असतात, कारण त्याने शब्द एकटा पाहिलेला नसतो. तो नेहमी त्याच्या सोबत्यांसह ऐकलेला असतो. इंग्रजी क्रियापदही असेच त्याच्या सोबत्यांसह शिकावे, हा यातून मिळणारा पहिला धडा.

‘भरणे’ हे उदाहरण आम्ही सहज घेतलेले नाही. हे आपले ‘भरणे’ आणि ते इंग्रजांचे ‘बेअर’ ही दोन्ही एकाच कुळातील आहेत.

संस्कृतात ‘भृ’ असा एक धातू आहे. त्याचा अर्थ वाहणे, धारण करणे, पोसणे. ‘भरति’ हे त्याचे वर्तमानकाळाचे रूप वेदांत आढळते. या धातूपासून झालेले शब्द मराठीत पसरलेले आहेत. भार, भारा, भारी, भरण, संभार हे शब्द तर उघडच आहेत. कुटुंबाचे भरणपोषण करणारा तो भर्ता. जिचे भरण करावयाचे ती भार्या. वेतनावर ज्याचा निर्वाह तो भृत्य. आपण कोणाचे ‘आभार’ मानतो तेव्हाही त्याच्या उपकाराचा भार आपल्यावर असल्याचे कबूल करतो. संस्कृत ‘भरति’ प्राकृतातून येता येता मराठीत ‘भरणे’ झाले आणि त्याचा अर्थ ‘वाहणे’ यावरून ‘पूर्ण करणे’ याकडे सरकला. हा पालट कसा झाला असेल ते ‘पाणी भरणे’ या प्रयोगावरून कळते. विहिरीचे पाणी वाहून आणणे आणि त्याने घरातील हंडा भरणे या दोन्ही क्रियांना आपण आजही ‘पाणी भरणे’ असेच म्हणतो. कोकणीत हेच ‘भरप’ आहे. पेडणे तालुक्याच्या दोन बाजूंनी वाहणाऱ्या तेरेखोल आणि शापोरा या नद्यांत समुद्राचे पाणी चढते, त्या ‘भरती’चे नावही येथूनच आले. आपल्याकडे देवळात अवसर येतो त्यास ‘भार येणे’ म्हणतात. तेथेही दैवताने माणसावर आपले ओझे घातले, हीच कल्पना आहे.

एक उदाहरण आणखी देतो. महाभारताच्या आदिपर्वात शकुंतलेची कथा आहे. दुष्यंत आपल्या पुत्राला ओळख देत नाही, तेव्हा आकाशवाणी होते आणि या मुलाचे तू भरण कर असे राजाला सांगते. त्यावरून त्या मुलाचे नाव भरत पडले, अशी तेथे व्युत्पत्ती दिली आहे. भरतावरून भारत हे नाव झाले. तेव्हा ज्या धातूचे एक रोपटे इंग्लंडात ‘बेअर’ म्हणून वाढले, त्याच धातूपासून आपल्या देशाचे नाव निघाले आहे.

हे नाते खरे कशावरून? नुसत्या सारखेपणावर विसंबून चालणार नाही, कारण दोन शब्द योगायोगाने सारखे दिसू शकतात. येथे भाषाशास्त्र आपल्या मदतीस येते, आणि त्याच्या इतिहासातील पहिल्या पानांपैकी एक पान आपल्या गोव्यातच लिहिले गेले आहे.

थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक १५७९ साली गोव्यास आला. पुढे त्याने मराठी इतकी आत्मसात केली की ‘ख्रिस्तपुराण’ हे दीर्घ ओवीबद्ध काव्य त्याने या भाषेत रचले, आणि ते १६१६ साली राशोल येथे छापले गेले. या स्टीफन्सने १५८३ साली गोव्याहून आपल्या भावास एक पत्र पाठविले. येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन या भाषांसारखी आहे, असे निरीक्षण त्याने त्या पत्रात नोंदविले. त्याच सुमारास फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी भारतात होता. देव, सर्प, सप्त, अष्ट, नव हे संस्कृत शब्द आपल्या इटालियन शब्दांशी जुळतात, असे त्याने १५८५ साली पत्रातून कळविले. १५८८ साली तो गोव्यातच वारला. सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचे मूळ एक असावे असे प्रतिपादन केले ते १७८६ साली, म्हणजे स्टीफन्सच्या पत्रानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी.

जोन्स यांनी दिशा दाखविली. पुढे फ्रान्झ बोप यांनी १८१६ साली क्रियापदांची रूपे शेजारी शेजारी मांडून हे नाते सिद्ध करण्यास आरंभ केला. ‘ते वाहतात’ या अर्थी संस्कृतात ‘भरन्ति’, लॅटिनमध्ये ‘फेरुन्त’ आणि जर्मन कुळातील प्राचीन गॉथिक भाषेत ‘बेरान्द’ असे रूप आहे. प्राचीन इंग्रजीत हा धातू ‘बेरान’ असा होता. केवळ धातूच नव्हे, तर त्याला लागणारा प्रत्ययही जुळतो. शब्द उसने घेता येतात. पण प्रत्ययांसह संपूर्ण रूपावली सहसा कोणी उसनी घेत नाही.

१८२२ साली याकोब ग्रिम यांनी ध्वनींच्या पालटाचा नियम सविस्तर मांडला. त्यातील आपल्यापुरता भाग असा: शब्दाच्या आरंभी संस्कृतात जेथे ‘भ’ आहे तेथे इंग्रजीत ‘ब’ येतो. लॅटिनमध्ये त्याच जागी ‘फ’ असतो. संस्कृत ‘भ्रातृ’, इंग्रजी ‘ब्रदर’, लॅटिन ‘फ्रातेर’. संस्कृत ‘भ्रू’, इंग्रजी ‘ब्राउ’. संस्कृत ‘भू’ म्हणजे होणे, इंग्रजी ‘बी’. तद्वत् संस्कृत ‘भृ’, इंग्रजी ‘बेअर’, लॅटिन ‘फेर्’. एकाच नियमाने इतके शब्द बांधले जात असतील, तर तो योगायोग म्हणता येत नाही.

लॅटिनचे नाव निघाले, तेव्हा पोर्तुगीज भाषेचाही विचार केला पाहिजे, कारण ती लॅटिनची कन्या आहे. आपले डिचोली आणि पेडणे हे तालुके १७८१ ते १७८८ या काळात पोर्तुगीज राज्यास जोडले गेले आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त होईपर्यंत त्या राज्यात राहिले. जुन्या पिढीतील ज्या मंडळींनी पोर्तुगीज शाळा पाहिली आहे, त्यांना ‘सोफ्रेर’ म्हणजे सोसणे हा शब्द ठाऊक असेल. लॅटिनमध्ये ‘सुब्’ म्हणजे खाली आणि ‘फेर्’ म्हणजे वाहणे. ओझ्याखाली राहून ते वाहणे म्हणजे ‘सोफ्रेर’. इंग्रजीतील ‘सफर’ तोच. ‘ऑफर’ म्हणजे पुढे नेऊन देणे, ‘ट्रान्सफर’ म्हणजे पलीकडे नेणे, ‘प्रिफर’ म्हणजे इतरांच्या पुढे आणून ठेवणे. हे सारे शब्द याच ‘फेर्’चे होत. तेव्हा इंग्रजीच्या घरात ‘बेअर’ हा सख्खा मुलगा, तर ‘फेर्’ हा लॅटिनच्या घराकडून येऊन राहिलेला चुलतभाऊ आहे.

ग्रीक भाषेतही हा धातू ‘फेर्’ अथवा ‘फोर्’ अशा रूपांनी आढळतो. विज्ञानाच्या तासाला येणारा ‘फॉस्फरस’ म्हणजे प्रकाश वाहणारा. इंग्रजीच्या तासाला येणारा ‘मेटाफर’, ज्याला आपण रूपक म्हणतो, तो म्हणजे एका वस्तूचा अर्थ दुसरीकडे वाहून नेणे. आणि आपल्या शेजारच्या घरी ‘ख्रिस्तोफर’ नावाचा मुलगा असेल, तर त्याच्या नावाचा अर्थ ख्रिस्तास वाहणारा असा आहे; बालख्रिस्तास खांद्यावर घेऊन नदीपार करणाऱ्या संताची कथा त्या नावाशी जोडलेली आहे. आपला ‘भारा’ आणि शेजाऱ्याचा ‘ख्रिस्तोफर’ यांत एकच धातू असावा, हे ऐकून प्रथम आश्चर्य वाटते. नियम समजल्यावर त्या आश्चर्याची जागा आनंद घेतो.

मात्र येथे सावधगिरीच्या तीन सूचना देणे आमचे कर्तव्य आहे.

पहिली सूचना अशी की, नातेवाईक आणि पाहुणे यांत घोटाळा करू नये. चावी, पगार, घमेले, काजू, पाव हे शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आले. हे पाहुणे होत. आता ते घरचेच झाले असले तरी आपल्या कुळातले नव्हेत. याचे उत्तम उदाहरण ‘पाद्री’ हे आहे. पोर्तुगीज ‘पाद्रि’ म्हणजे पिता. तो लॅटिन ‘पातेर’वरून आला आणि ‘पातेर’ हा आपल्या ‘पितृ’चा सगोत्र. म्हणजे ‘पिता’ हा मराठीत वारशाने आलेला शब्द, तर ‘पाद्री’ हा त्याचाच भाऊबंद, पण समुद्रमार्गे आलेला.

दुसरी सूचना अशी की, उच्चार सारखा म्हणून शब्द एक समजू नये. ‘बेअर’ म्हणजे अस्वल, हे नाम आपल्या क्रियापदाहून निराळे आहे. त्याचा मूळ अर्थ ‘तपकिरी’ असा बहुतेक विद्वान मानतात. ‘बेअर’ म्हणजे उघडा, या विशेषणाची तर अक्षरेही भिन्न आहेत. डिचोलीच्या खाणींतील लोहखनिज मांडवी नदीतून वाहून नेणारा ‘बार्ज’ हा शब्द ऐकून तो ‘बेअर’चाच असावा असे कोणासही वाटेल, कारण त्याचे काम ओझे वाहण्याचे. पण तो निराळ्या कुळातील, नौकावाचक शब्द आहे. उलट, एका चाकाची जी ढकलगाडी, जिला ‘व्हीलबॅरो’ म्हणतात, तिच्यातील ‘बॅरो’ मात्र खरोखरच ‘बेअर’पासून झाला आहे, ओझे या अर्थाचा ‘बर्डन’ आणि प्रेत नेण्याची तिरडी या अर्थाचा ‘बिअर’ हेही त्याचेच. तेव्हा अंदाज करावा, पण कोश पाहिल्यावाचून निर्णय देऊ नये.

तिसरी सूचना परीक्षेच्या दृष्टीने उपयोगी आहे. ‘बेअर’चा भूतकाळ ‘बोअर’ होतो. त्याचे भूतकालवाचक धातुसाधित मात्र दोन प्रकारे लिहितात. जन्मलेला या अर्थी ‘बॉर्न’ लिहिताना शेवटी ‘ई’ हे अक्षर घालीत नाहीत. वाहिलेला अथवा सोसलेला या अर्थी ते घालतात. पूर्वी हा भेद पाळला जात नसे. अठराव्या शतकात तो स्थिर झाला. तथापि ‘तिने तीन मुलांना जन्म दिला’ असे आईकडे कर्तृत्व देऊन सांगावयाचे असल्यास ‘ई’ असलेलेच रूप योजतात, हेही ध्यानात असावे.

आता शेवटचा मुद्दा. आपल्या तालुक्यांत पुष्कळ मुले घरी कोकणी बोलतात, शाळेत मराठी शिकतात आणि पुढे इंग्रजीकडे वळतात. त्यांतील अनेकांची, आणि त्यांच्या आईवडिलांचीही, अशी समजूत असते की मराठीतून शिकल्याने मूल इंग्रजीत मागे पडते. जणू मराठी हे पाठीवरचे ओझे आहे आणि ते उतरविल्यावाचून पुढची वाट चालता येणार नाही. वरील विवेचनाने या समजुतीला उत्तर मिळावे अशी आमची अपेक्षा आहे. कोकणी, मराठी, पोर्तुगीज आणि इंग्रजी या चारही भाषा एकाच इंडो-युरोपीय घराण्यातील आहेत. ज्या मुलास भार, भर्ता, भरती आणि भ्राता हे शब्द नीट ठाऊक आहेत, त्याच्या हाती त्या घराण्याच्या एका दालनाची किल्ली आहे. ‘बेअर’ला इतके अर्थ कसे, हे त्याला ‘भरणे’वरून समजू शकते; आणि हे समजण्यासाठी त्याला आपली भाषा सोडावी लागत नाही, उलट ती अधिक खोल शिकावी लागते. इंग्रजीस सराव लागतो, वाचन लागते, परिश्रम लागतात. ते कोणासही चुकलेले नाहीत. पण परिश्रम करणे निराळे आणि स्वभाषेविषयी कमीपणा मानणे निराळे. स्टीफन्स हा इंग्रज असूनही त्याने आपल्या भाषेचा सन्मान करून ती शिकून घेतली आणि तिच्यात ग्रंथ रचला. आपण त्याची भाषा शिकताना आपल्या भाषेस विसरण्याचे कारण नाही.

स्वाध्याय

१. ‘शाळा’, ‘दंड’, ‘घागर’, ‘ओटी’, ‘जखम’ या शब्दांसह ‘भरणे’ योजून वाक्ये करा व प्रत्येक वाक्यातील अर्थ दुसऱ्या मराठी क्रियापदाने सांगून पाहा. कोठे जमत नाही, ते नोंदवा.

२. संस्कृत ‘पितृ’ व ‘पाद’ यांचे इंग्रजी सगोत्र ‘फादर’ व ‘फूट’ आहेत. यावरून ‘प’ या ध्वनीविषयी कोणता नियम निघतो? ‘दन्त’ व ‘टूथ’, ‘द्वि’ व ‘टू’ यांवरून ‘द’विषयी कोणता?

३. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पोर्तुगीजांकडून आलेले दहा शब्द गोळा करा, आणि ते पाहुणे आहेत की नातेवाईक, हे शिक्षकांच्या मदतीने कोशात पाहून ठरवा.

४. ‘लागणे’ या मराठी क्रियापदाचे जितके अर्थ आठवतील तितके लिहा. त्या सर्वांतून जाणारा एक धागा आपल्या शब्दांत सांगा.